‘डेटाबेस उडालाय, मॅडम’

असा फोन आला की मी आधी विचारते, “स्क्रीनवर काय लिहून आलंय?” उत्तर ठरलेलं: “काहीतरी इंग्रजीत एरर आहे.” फोटो पाठवा म्हटलं की फोटो येतो, पण ओळीचा शेवट त्यात कापलेला असतो, आणि कामाचं जे काही असतं ते नेमकं त्या शेवटात असतं.

डेटाबेस सहसा उडालेला नसतो. तो त्याच्या जागी व्यवस्थित चालू असतो. त्याच्याकडे निघालेला प्रोग्रॅम वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. सांगली-मिरजेकडच्या पतसंस्था, वाचनालयं, काही शाळा, एका मासिकाची वर्गणीदारांची यादी, अशी माझी कामं. पुण्यात नोकरीला होते तेव्हा पर्लमध्ये लिहायचे, पुढे पीएचपी आलं, मग पायथन. भाषा बदलत गेल्या, मागे डेटाबेस मात्र बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएलच. पीएचपी आणि मायएसक्यूएल दोन्ही १९९५ सालचे. स्वस्तातल्या होस्टिंगबरोबर ही जोडी आयती मिळायची, म्हणून कितीतरी लहान संस्थांचे हिशेब तिच्यावर उभे राहिले. ते लिहिणारा मुलगा पुढे बंगळूरला जातो आणि त्याने लिहिलेलं तसंच चालू राहतं. मला बोलावतात ते त्यानंतर.

आकड्यांचं आधी सांगते, कारण तिथे निम्मं काम होतं. मायएसक्यूएलच्या प्रत्येक एररला एक आकडा असतो. दोन हजारांच्या घरातला असेल तर तो आपल्याच बाजूचा, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमच्या वतीने सर्व्हरशी बोलणाऱ्या लायब्ररीचा. एक हजाराच्या घरातला असेल तर तो सर्व्हरचा. २००२ किंवा २००३ दिसला की समजायचं, आपण सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही. अशा वेळी पासवर्ड बदलून बघण्यात अर्थ नाही, कारण पासवर्ड अजून कोणी विचारलेलाच नाही. १०४५ आला तर मला उलट जरा बरं वाटतं. सर्व्हर जिवंत आहे, वाट मोकळी आहे, त्याने ऐकून घेतलं आणि ‘ओळखत नाही’ म्हणाला. १०४९ म्हणजे ओळख पटली, पण त्या नावाचा डेटाबेस नाही. ११४६ म्हणजे डेटाबेस सापडला, टेबल नाही. १०६४ म्हणजे अगदी आतपर्यंत गेलो आणि आपलं एसक्यूएलच चुकलेलं निघालं.

हा १०६४ मासिकाच्या यादीत हमखास यायचा. गोव्याकडच्या वर्गणीदाराचं आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर जो अपॉस्ट्रॉफी येतो, तो एसक्यूएलला अवतरणचिन्हाचा शेवट वाटायचा आणि वाक्य तिथेच तुटायचं. नाव वाक्यात थेट न चिकटवता त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि किंमत वेगळी पाठवायची, म्हणजे हे दुखणं जातं. शिवाय कोणी नावाच्या रकान्यातून भलतंच एसक्यूएल घुसवायची भीतीही राहत नाही. आधीच्याने मात्र अपॉस्ट्रॉफी टाइप करूच नये अशी सूचना फॉर्मच्या वर लाल अक्षरात लिहून ठेवली होती. वर्गणीदारांनी आपली आडनावं बदलावीत, एवढीच काय ती अपेक्षा.

या सगळ्या आकड्यांच्या आधीचाही एक टप्पा असतो, जिथे प्रोग्रॅम घरातून बाहेरच पडत नाही. पीएचपी ७ डिसेंबर २०१५मध्ये आलं आणि त्यातून जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स काढून टाकलेली होती. ती जाणार हे ५.५ आवृत्तीपासून सांगून ठेवलेलं होतं, पण सांगितलेलं वाचतो कोण? होस्टिंगवाले आपापल्या सवडीने आवृत्ती चढवत गेले, तसतसे पुढची दोन-तीन वर्षं मला फोन येत राहिले. एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई अक्षरशः रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना वाटलं पुस्तकांची सगळी नोंद गेली. नोंद जागेवर होती. एररमध्ये साधं ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ लिहिलेलं होतं, म्हणजे सर्व्हरला हाक मारायचा शब्दच भाषेत उरला नव्हता. जोडणीचा भाग नव्या पद्धतीने लिहून दिला आणि बाईंना त्यांची पुस्तकं परत दिसली.

एका पतसंस्थेत तर प्रकरण चोरीच्या संशयापर्यंत गेलं होतं. व्यवस्थापकांनी मला बोलावलं ते दार लावून. म्हणाले, “मॅडम, रोज रात्री दोन वाजता कोणीतरी रूटच्या नावाने आत शिरायचा प्रयत्न करतंय.” आणि लॉगचे छापील कागद पुढे ठेवले. त्यावर रोज रात्री दोनला एक ओळ होती: ॲक्सेस डिनाइड, युजर रूट, लोकलहोस्टवरून, युझिंग पासवर्ड: नो.

त्यांनी पासवर्ड बदलले होते, दोन जुन्या कर्मचाऱ्यांकडे वाकड्या नजरेने बघायला सुरुवात केली होती. ओळीचा शेवट मात्र कोणी वाचला नव्हता. चोर आला तर चार पासवर्ड चालवून बघेल. हा रोज एकदाच, ठरलेल्या वेळी, पासवर्ड न देता येतो आणि परत जातो. इतका वक्तशीर माणूस नसतो. मी विचारलं, “रात्री दोनला तुमचं काय चालतं?” “काही नाही हो, ठेवींवरच्या व्याजाचा हिशेब होतो आपोआप.” “आणि तो हल्ली होतोय का?” यावर ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग त्यांनी क्लार्कला हाक मारली. क्लार्क म्हणाला, गेल्या महिन्यापासून तो सकाळी आल्यावर हाताने चालवतो, हाताने चालवला की होतो, म्हणून कोणाला सांगितलं नाही.

ती पर्लची स्क्रिप्ट होती. युजरचं नाव आणि पासवर्ड ती एका फाइलमधून वाचायची, आणि फाइलचा पत्ता नुसता नावाने दिलेला होता, पूर्ण मार्गाने नाही. क्लार्क त्या फोल्डरमध्ये जाऊन चालवायचा, तेव्हा फाइल सापडायची. सर्व्हर बदलताना रात्रीचं काम क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत, रूटच्या खात्यावर लावलं गेलं. क्रॉन स्क्रिप्ट सुरू करतो ते त्या खात्याच्या घरच्या फोल्डरमधून. तिथे फाइल नाही, म्हणून नाव रिकामं, पासवर्ड रिकामा. आणि नाव रिकामं असलं की मायएसक्यूएलची लायब्ररी मशीनवर ज्या खात्याखाली प्रोग्रॅम चाललाय त्याचंच नाव पुढे करते. म्हणून रूट. म्हणून पासवर्ड: नो. पूर्ण मार्ग लिहिला, फाइल उघडली नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबून ओरडावं अशी ओळ घातली, आणि क्रॉन रूटवरून काढून एका साध्या खात्यावर ठेवला. कर्मचाऱ्यांवरचा संशय गेला की नाही ते मी विचारलं नाही.

त्या पतसंस्थेतून येताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली, आणि पुढची बहुतेक कोडी तिनेच सुटली. क्लार्कने चालवलेली स्क्रिप्ट आणि क्रॉनने चालवलेली स्क्रिप्ट या अक्षराअक्षराने सारख्या असूनही एक नव्हत्या. प्रोग्रॅम म्हणजे आपण नव्हे. तो दुसऱ्या खात्याखाली चालतो, दुसऱ्या फोल्डरमधून निघतो, दुसऱ्याच सेटिंगची फाइल वाचतो. मी माझ्या टर्मिनलवर बसून ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणते तेव्हा मी फक्त माझी वाट तपासलेली असते, त्याची नाही.

‘लोकलहोस्ट’चा घोळ याच जातीचा. युनिक्स-लिनक्सवर मायएसक्यूएलला लोकलहोस्ट सांगितलं की लायब्ररी नेटवर्ककडे वळतच नाही; ती मशीनवरच्या सॉकेट नावाच्या एका फाइलमधून सर्व्हरशी बोलते. १२७.०.०.१ सांगितलं की मात्र तेच मशीन असूनही ती ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. शेजारच्या खोलीत जायला एकाने आतलं दार उघडावं आणि दुसऱ्याने अंगणातून वळसा घालून पुढच्या दाराने यावं, तसं. सॉकेटची फाइल कुठे ठेवायची यावर एकमत नाही. रेडहॅटच्या कुळात ती ‘व्हार लिब मायएसक्यूएल’मध्ये असते, डेबियन-उबुंटूत ‘व्हार रन मायएसक्यूएलडी’मध्ये, आणि हाताने बांधलेल्या कित्येक पीएचपींची समजूत ती ‘टीएमपी’मध्ये आहे अशी. मग एका मशीनवरची साइट उचलून दुसऱ्यावर ठेवली की २००२ येतो. त्या ओळीच्या अगदी शेवटी कंसात एक छोटा आकडा असतो, तो लिनक्सने दिलेला. २ म्हणजे त्या जागी फाइलच नाही. १३ म्हणजे आहे, पण तुला परवानगी नाही. १११ म्हणजे जागा बरोबर आहे, पण पलीकडे ऐकायला कोणी बसलेलं नाही. सर्व्हर खरोखर बंद असण्याची शक्यता इथे, किंवा मग २ आला तर. फोटोत कापला जातो तो हा कंसातलाच आकडा.

कंसातल्या १३ने एकदा मला बराच त्रास दिला. एका शाळेचा डेटाबेस वेगळ्या मशीनवर हलवला होता. वेबसर्व्हरच्या मशीनवर सेंटओएस. पीएचपीची चाचणी-स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवली की जोडणी होते, ब्राउझरमधून उघडली की २००३ आणि कंसात १३. फायरवॉल तपासला. तो आड येत असता तर टर्मिनलवरूनही अडला असता. सर्व्हरवरच्या परवानग्या तपासल्या, पण त्या आड आल्या असत्या तर आकडा एक हजारातला आला असता. मग उरलं काय, तर अपाचे या वेबसर्व्हरच्या हाताखाली चालणं एवढा एकच फरक. एसई-लिनक्स नावाची जी पहारेकऱ्याची व्यवस्था रेडहॅटच्या कुळात चालू असते, ती वेबसर्व्हरला स्वतःहून डेटाबेसच्या पोर्टकडे जाऊ देत नाही. ऑडिटच्या लॉगमध्ये नकाराची नोंद स्पष्ट होती. ‘एचटीटीपीडीने डेटाबेसशी नेटवर्कवरून बोलावं का’ असा एक वेगळा खटकाच त्यात आहे, तो चालू केला की झालं. या प्रश्नावर तुम्हाला कोणीही पहिला सल्ला देईल तो एसई-लिनक्सच बंद करून टाकण्याचा. एका दारासाठी सगळा पहारा उठवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

कधीकधी तर एरर दिसतच नाही, नुसतं पांढरं पान येतं. पीएचपीत फंक्शनच्या आधी @ हे चिन्ह लावलं की त्याची तक्रार गिळली जाते, आणि काही लोकांनी ते जोडणीच्या प्रत्येक ओळीला लावलेलं मी पाहिलंय. पाहुण्यांना एरर दिसू नये हे ठीक. पण मग ती लॉगमध्ये तरी जायला हवी. पर्लच्या डीबीआय या डेटाबेस-लायब्ररीत, जी टिम बन्स यांनी १९९४च्या सुमाराला सुरू केली, ‘रेझ-एरर’ नावाची एक खूण आहे. ती चालू केली की कुठलीही चूक झाली तरी प्रोग्रॅम तिथेच मरतो आणि मरताना कारण सांगतो. पुण्यात आमचे सर कोणाचाही कोड बघायला बसले की आधी ही खूण शोधायचे. नसली तर पुढे वाचायचेच नाहीत. तेव्हा ते मला हेकट वाटायचे.

आता मराठी अक्षरांकडे येते, कारण माझ्या आयुष्याचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला आहे.

एका पतसंस्थेत सभासदांची नावं मराठीत होती. जुना प्रोग्रॅम पीएचपीचा. दुसऱ्या एका संस्थेकडून त्यांनी पायथनमध्ये नवीन नोंदणीचा भाग करून घेतला. काही आठवड्यांनी फोन आला: “जुन्या प्रोग्रॅममध्ये जुन्यांची नावं नीट दिसतात, नव्या सभासदांची नुसती प्रश्नचिन्हं. नव्या प्रोग्रॅममध्ये नव्यांची प्रश्नचिन्हंच आहेत, आणि जुन्यांची नावं तर चिनी झालीत.” चिनी म्हणजे चिनी नव्हे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि मागे चार काटे फुटलेलं गोल चिन्ह, ही जोडी पुन्हापुन्हा. मराठी वापरणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमरने ही जोडी ओळखायला हवी, कारण ती आपलीच आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइटांची होते, आणि त्यातला पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५. हेच बाइट कोणी लॅटिन-१ समजून वाचले तर ई०चा होतो तो रेघवाला ‘ए’, आणि ए४चं होतं ते काटेरी गोल.

मायएसक्यूएल जन्माने स्वीडनचा. त्यामुळे ५.७ आवृत्तीपर्यंत वेगळं काही सांगितलं नाही तर टेबल लॅटिन-१चं आणि वर्णक्रम स्वीडिश असायचा. पतसंस्थेचं टेबल तसंच होतं. जुन्या पीएचपी प्रोग्रॅमनेही जोडणीला अक्षरसंचाबद्दल काही सांगितलं नव्हतं, म्हणजे जोडणीही लॅटिन-१. दोन्हीकडे लॅटिन-१, मग सर्व्हर काहीच बदलत नाही. आलेले बाइट तसेच ठेवतो, मागितले की तसेच देतो. पान यूटीएफ-८चं, त्यामुळे ब्राउझरला मराठी दिसते. टेबलावरचं लेबल साफ खोटं, पण सगळे मिळून एकच खोटं बोलत असल्यामुळे वर्षानुवर्षं कोणाला काही कळलं नाही.

नवीन पायथन प्रोग्रॅम खरं बोलणारा आला. त्याने जोडणी करतानाच सांगितलं, मी यूटीएफ-८ बोलतो. सर्व्हर म्हणाला, ठीक, माझ्याकडे लॅटिन-१ आहे, तुझ्यासाठी भाषांतर करून देतो. जुन्या नावांचे बाइट त्याने एकेक करून रोमन अक्षरं म्हणून भाषांतरित केले, ते झाले काटेरी गोल. उलट नव्या नावांच्या वेळी पायथनकडून खरा ‘म’ आला. लॅटिन-१मध्ये ‘म’ नाही. म्हणून सर्व्हरने त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं आणि एक वॉर्निंग सोडली, जी कोणी बघितली नाही. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या परीने बरोबर, आणि दोघांनी मिळून खराबा केला.

अशा वेळी स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, कारण स्क्रीनही मधला एक दुभाष्याच असतो. मायएसक्यूएलमध्ये हेक्स नावाचं फंक्शन आहे, ते आत प्रत्यक्षात काय पडलंय ते दाखवतं. ‘म’च्या जागी ई० ए४ एई दिसले तर बाइट शाबूत आहेत, फक्त लेबल चुकलंय. सी३ ए० सी२ ए४ अशी रांग दिसली तर कोणीतरी आधीच दुरुस्तीचा प्रयत्न करून भाषांतरावर भाषांतर चढवलंय. तेही उलटवता येतं. पण ३एफ, ३एफ, ३एफ दिसले की हात टेकायचे. ३एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह. नाव तिथे उरलेलंच नाही.

दुरुस्तीत एक सापळा आहे. टेबलाला सरळ ‘यूटीएफ-८ हो’ असा हुकूम दिला तर सर्व्हर प्रामाणिकपणे प्रत्येक रोमन अक्षराचं भाषांतर करतो आणि काटेरी गोल खरोखरच आत जाऊन बसतात. म्हणून कॉलम आधी बायनरी करायचा, म्हणजे सर्व्हर त्याला अक्षरं मानणं सोडून देतो, आणि मग बायनरीवरून यूटीएफ-८. बाइटला हात न लावता फक्त लेबल बदलतं. नवीन लेबल ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हेच घ्यायचं. मायएसक्यूएलमध्ये नुसतं ‘यूटीएफ-८’ म्हणजे तीन बाइटांपर्यंतचंच. देवनागरीला ते पुरतं, पण कोणी नावापुढे हसरा चेहरा टाकला की त्याचा चौथा बाइट मावत नाही. चार बाइटांचं खरं यूटीएफ-८ २०१०मध्ये ५.५.३ आवृत्तीत आलं. आणि हे सगळं आधी प्रतीवर करायचं, हे सांगायला नकोच.

प्रतीवर केलं तेव्हा सर्व्हर काही ओळींवर अडून बसला. चुकीचे बाइट आहेत, घेणार नाही म्हणाला. काढून पाहिल्या तर त्यात लांब नावं होती. कॉलम पन्नासाचा होता, पण लॅटिन-१चे पन्नास म्हणजे पन्नास बाइट. ‘ज्ञानेश्वर’ या नावालाच तीस लागतात, मधल्या जागेला एक. ‘विठ्ठलराव’पैकी ‘विठ्ठल’पर्यंतचे अठरा मावले, आणि ‘र’चा पहिला बाइट आत येऊन दार बंद झालं. वडलांचं ‘राव’ गेलं, आडनाव तर आतच आलं नाही. त्या काळी मायएसक्यूएल जास्तीचं गुपचूप कापून टाकायचा, ५.७पासून तो मूळ सेटिंगमध्येच कडक झाला आणि असं काही आलं तर नकार देतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये या माणसांच्या नावाच्या शेवटी एक चौकोन दिसायचा. मी क्लार्कला विचारलं, याचं काही वाटलं नाही का? तो म्हणाला, “आम्हाला वाटलं प्रिंटरचं असेल.”

प्रश्नचिन्हं झालेली आणि कापली गेलेली नावं शेवटी कपाटातल्या सभासद-अर्जांवरून पुन्हा भरावी लागली. ते काम दोन मुलींनी केलं आणि फार नीट केलं. अर्जावरचं अक्षर लागलं नाही तिथे त्यांनी अंदाज न करता सभासदाला फोन लावला. संचालकांना मात्र एवढंच कळलं की नवीन प्रोग्रॅम बिघडवून गेला. तो एकटाच खरं बोलत होता, हे मी त्यांना समजावून बघितलं.

शेवटचा प्रसंग पायथनचाच. ठेवीची मुदत संपली की ठेवीदाराला एसएमएस पाठवायची एक स्क्रिप्ट एका संस्थेत दिवसरात्र चालायची. थोड्याथोड्या वेळाने टेबलात डोकवायचं, न पाठवलेला निरोप दिसला की पाठवायचा, पुन्हा झोपायचं. सर्व्हर बदलल्यापासून ती सकाळी सुरू केली की साचलेले सगळे निरोप पाठवायची, मग नुसती डोकावत बसायची, आणि दिवसभरात काउंटरवरून पडलेले निरोप तिला दिसायचेच नाहीत. बंद करून सुरू केली की दिसायचे. म्हणून शिपायाला ती बंद-चालू करायचं काम लावून दिलेलं होतं, आणि तो ते चोख करत होता.

मी टर्मिनल उघडून तीच सिलेक्टची ओळ टाकली. मला निरोप दिसले. स्क्रिप्टला तीच ओळ छापायला लावली. तिला शून्य. एकच टेबल, एकच क्षण, आणि आम्हा दोघींना दोन वेगळी उत्तरं. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला भुताटकीच वाटते.

गोम अशी होती की पायथनच्या डेटाबेस-लायब्ऱ्यांसाठी पेप २४९ नावाची एक सामाईक नियमावली आहे, आणि तिच्यानुसार आपोआप होणारं कमिट सुरुवातीला बंद असतं. म्हणजे पहिल्या सिलेक्टलाच एक व्यवहार उघडतो आणि कमिट किंवा रोलबॅक म्हणेपर्यंत उघडाच राहतो. इनोडीबी इंजिन अशा व्यवहाराला पहिल्या वाचनाच्या क्षणी डेटाबेस जसा होता तसाच शेवटपर्यंत दाखवत राहतं. हिशेबाच्या अहवालासाठी हे उत्तम. वर बेरीज करता करता खाली रकमा बदलत नाहीत. पण दिवसभर डोकावणाऱ्या स्क्रिप्टला ते सकाळचंच चित्र संध्याकाळपर्यंत दाखवत राहतं. जुन्या सर्व्हरवर हे टेबल मायआयसॅम इंजिनचं होतं. त्याला व्यवहार ही गोष्टच माहीत नाही, म्हणून तिथे कधी काही जाणवलं नव्हतं. नव्या सर्व्हरवर टेबल नव्याने तयार केलं गेलं, आणि ५.५ आवृत्तीपासून इंजिनचं नाव न सांगता केलेलं टेबल इनोडीबीचं होतं. माझ्या टर्मिनलमध्ये आपोआप कमिट चालू असतं, म्हणून मला दर वेळी ताजं दिसत होतं. इनोडीबीची स्थिती दाखवणारी आज्ञा दिली तर स्क्रिप्टचा तो व्यवहार सकाळपासून उघडा असलेला, सेकंदांच्या मोजणीसकट, तिथे लिहिलेला होता.

प्रत्येक फेरीच्या शेवटी कमिटची एक ओळ घातली. वर मराठीत टिप्पणी लिहिली, ‘ही ओळ काढू नका’, आणि खाली कारण. शिपाई त्या सुटकेवर फारसा खूश दिसला नाही. आणखी काही दिवस तो सकाळी बंद-चालू करतच होता, आणि त्याने काही बिघडत नसल्यामुळे कोणी त्याला थांबवलंही नाही.

पुढे ते काम एका तरुण मुलाकडे गेलं. त्याचा फोन आला. “मॅडम, इथे काही लिहिलं जातच नाहीये, नुसतं सिलेक्ट आहे. मग कमिट कशाला?”

“काढून बघ,” मी म्हटलं, “आणि दुपारी एक निरोप टाक.”

त्याने काढली, आणि दुसऱ्या दिवशी परत घातली. टिप्पणी तेवढी त्याने इंग्रजीत केली.